वॉल ऑफ स्टोन: एचपी भरपूर, पण वजन किती पेलणार ते कुठेच नाही

गेल्या सेशनला आमच्या डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या टेबलावर भांडण झालं, तेही एका पुलावरून. विझर्डने, म्हणजे जादूगार खेळणाऱ्याने, दरीवर वॉल ऑफ स्टोन हा दगडी भिंत उभी करणारा स्पेल टाकला आणि मालाने भरलेली गाडी दोन घोड्यांसकट त्यावर घातली. डीएम, म्हणजे खेळ चालवणारी डंजन मास्टर, मी आहे. मी विचारलं, जाडी किती? तीन इंच, कारण वीस फुटी पॅनेल (भिंतीचा एक तुकडा) घेतलं होतं; दहा फुटी घेतलं तर ते सहा इंची मिळतं. मी म्हटलं, मोडेल. तो म्हणाला, "पॅनेलला नव्वद एचपी आहेत. गाडी चालली म्हणून डॅमेज कुठून होणार?" पुस्तक उघडलं. स्पेलच्या वर्णनात एसी आहे (वीस बाजूंच्या फाशावर तो गाठला तरच फटका लागतो), एचपी आहेत (एकूण किती डॅमेज सोसेल तो आकडा), दरीवर पूल बांधता येतो असं स्पष्ट लिहिलंय, आणि त्या पुलाला किती भार चालेल यावर एक शब्द नाही. सेशनचा उरलेला सगळा वेळ त्यातच गेला.

पावसाळ्यापासून आमच्या कॅम्पेनमध्ये हा स्पेल सतत वापरात आहे. नियम पाचव्या आवृत्तीचे, २०१४चे. भिंत म्हणून, बंकर म्हणून, उतार म्हणून, पूल म्हणून, सगळ्या प्रकारे वापरून झालाय. दिवसभर ऑफिसात मी स्लॅबची डिझाइनं तपासते, त्यामुळे माझं लक्ष नेमकं या एका गोष्टीवर जातं, आणि ते जायलाच हवं असं मला वाटतं.

आधी भिंतीबद्दल. डंजन मास्टर्स गाइडमधल्या तक्त्यात दगडाला एसी १७ आहे; या स्पेलच्या दगडाला १५, म्हणजे लाकडाएवढा. का, ते कुठेही लिहिलेलं नाही. एचपी मात्र भरघोस, इंचामागे ३०, म्हणजे सहा इंची पॅनेलला १८०. ट्रेब्यूशे या दगडफेकी यंत्राचा दगड सरासरी ४४ डॅमेज करतो, म्हणजे पाच दगड नेमके लागले तर एक पॅनेल पडेल. इथवर पटतं. पण हाच हिशेब दुसऱ्या टोकाने करून बघा. नियमातला साधा गावकरी लाकडी सोटा घेऊन येतो: हल्ल्याला +२, डॅमेज १ ते ४. एसी १५ला त्याचे शंभरातले चाळीस फटके लागतात. सहा सेकंदांचा एक राउंड आणि राउंडला एक फटका धरला तर साधारण १६ ते १८ मिनिटांत त्याने सहा इंच ग्रॅनाइट फोडलेला असतो. हे मला मान्य नाही. जुन्या ३.५ आवृत्तीत दगडाला हार्डनेस ८ होता, प्रत्येक फटक्यातून आठ वजा, म्हणजे सोटेवाल्याने जन्मभर बडवलं तरी काही होत नव्हतं. पाचव्या आवृत्तीने ते काढलं आणि त्याऐवजी डॅमेज थ्रेशोल्ड (त्याहून कमी डॅमेजचा फटका वायाच) डीएमच्या हाती दिला. मी तो ८ धरते, आणि कॅम्पेन सुरू करतानाच खेळाडूंना सांगून ठेवते. तुम्हीही ठरवून टाका. डीएमने मनाशी ठेवलेला आकडा लढाईच्या मध्यात बाहेर आला की भांडणं होतात.

याच वैतागात एका छोट्या प्रकाशकाचं वेढ्यांच्या नियमांचं पीडीएफ विकत घेतलं. त्यात काय, तर एचपीचेच आणखी तक्ते. भाराबद्दल तिथेही अवाक्षर नाही. पैसे परत मागितले तर धोरणात बसत नाही म्हणून उत्तर आलं. मूळ स्पेल २०२३च्या जानेवारीपासून क्रिएटिव्ह कॉमन्सखाली फुकट वाचता येतो, तेव्हा यासाठी कुणी पदरमोड करू नका.

पुलाबद्दलचं माझं मत मात्र त्या भांडणानंतर कागद-पेन्सिल घेऊन बसल्यावर बदललं. वीस फुटांपेक्षा लांब अंतर साधायचं असेल तर पॅनेलचा आकार निम्मा करून आधार द्यावे लागतात, अशी एक अट आहे. मी तिला आजवर उगाचची अडवणूक समजत होते. स्पेलच्या साहित्यात ग्रॅनाइटचा तुकडा लागतो म्हणून दगड ग्रॅनाइट धरला. ग्रॅनाइट दाबाला भक्कम, पण वाकवला तर साधारण १० ते २० मेगापास्कल ताणाच्या दरम्यान तुटतो. आपल्या हेमाडपंती देवळांत खांब इतके जवळजवळ असतात ते दगडी तुळईच्या याच मर्यादेमुळे. वीस फुटांवर दोन्ही टोकांना टेकलेल्या सहा इंची पाटाच्या तळाला नुसत्या स्वतःच्या वजनाने जवळपास ५ मेगापास्कल ताण येतो. मध्यावर दोन टनांची गाडी आणली की साडेसात. म्हणजे पेलतो, आणि थोडं हाताशी राहतंही. तीन इंची पाटाला स्वतःच्याच वजनाने पावणेदहाच्या आसपास ताण, आणि त्याच गाडीसह वीस. म्हणजे मोडतो. टोकं खडकात एकजीव झालेली असतात म्हणून आकडे थोडे उतरतील, पण गाडीखाली तीन इंची पाटावर मी भरवसा ठेवणार नाही.

म्हणजे वीस फुटांची ती मर्यादा अगदी योग्य जागी आहे. ज्याने लिहिली त्याला दगड कळत होता. ३.५मध्येही वीस फुटांपुढे कमान आणि टेकू सक्तीचे होते आणि क्षेत्र निम्मं व्हायचं. मग एवढा नेमका विचार केल्यावर भाराची एक ओळ लिहायला काय हरकत होती? टेन्सर्स फ्लोटिंग डिस्क हा पहिल्या लेव्हलचा स्पेल, तीन फुटी तबकडी, आणि तिला ५०० पौंडांची मर्यादा स्वच्छ लिहिलीय. पाचव्या लेव्हलच्या, ज्याच्या वर्णनातच पुलाचा उल्लेख आहे त्या स्पेलला ती नाही. माझी सगळ्यात मोठी तक्रार हीच, आणि ती कायम आहे.

आता कंजुषीचा मुद्दा. स्पेलमध्ये दहा पॅनेलं मिळतात. वीस फुटी दरीला सहा इंचीची दोन लागतात, तीन इंचीचं एक. एक वाचवून करायचं काय? उरलेली आठ घरी न्यायची नसतात. उलट त्यांतली चार उभी करा, दोन डाव्या कडेला, दोन उजव्या, तळाच्या पाटाशी आणि दोन्हीकडच्या खडकाशी जोडलेली. आता दहा फूट उंचीच्या दोन तुळया मिळाल्या आणि पाट त्यांच्यामध्ये आडवा, फक्त दहा फुटांवर टेकलेला. पुलाच्या लांबीच्या दिशेचा ताण दहापटीहून जास्त उतरतो, पाटात आडवा जो येतो तो स्वतःच्या वजनाने सव्वा मेगापास्कलच्या आसपास. शिवाय बाणांपासून दोन्ही बाजूंना पूर्ण आडोसा, तोही त्याच स्लॉटमध्ये, म्हणजे स्पेल एकदाच खर्चून. आमच्या विझर्डला हे दाखवल्यापासून तो दुसरा पूल बांधतच नाही. एकूण वजन मात्र लक्षात असू द्या: एक पॅनेल जवळपास पावणेचार टन, सहा म्हणजे बावीस-तेवीस. दरीचा काठ ठिसूळ असेल तर तो टिकतो का यासाठी मी फासा टाकायला लावते.

आणि एवढं सगळं करूनही पहिल्या दहा मिनिटांत पुलाची खरी ताकद दगडात नसते. ती विझर्डच्या कॉन्सन्ट्रेशनमध्ये, म्हणजे स्पेल चालू ठेवणाऱ्या एकाग्रतेत असते. कॉन्स्टिट्यूशन सेव्हला +२ असलेल्या विझर्डला एक साधा बाण लागला की डीसी १०चा सेव्ह, म्हणजे फासा आणि +२ मिळून किमान १० यायला हवेत, आणि शंभरात पस्तीस वेळा तो चुकतो. चुकला की पूल नाहीसा, आणि वरची माणसं, घोडे सगळे दरीत. पॅनेलच्या १८० एचपींना कुणी हातही लावलेला नसतो. दहा मिनिटं पूर्ण झाली की तोच दगड कायमचा होतो, डिस्पेलही होत नाही. म्हणून घाई नसेल तर विझर्डला खडकामागे बसवा, दहा मिनिटं थांबा आणि मग गाडी घाला. थांबायला काही खर्च येत नाही.

आमच्या टेबलावर आता असं ठरलंय: तीन इंचीवर माणसं अंतर ठेवून, जनावर एका वेळी एक, गाडी नाही. सहा इंचीवर दोन टनांपर्यंत बिनधास्त. त्यापुढे कडेच्या उभ्या भिंती हव्यातच.

वॉल ऑफ फोर्सला कुठलंच डॅमेज होत नाही, म्हणून बरेच जण पाचव्या लेव्हलला तोच घेतात. लढाईसाठी घ्या. पण तो दहा मिनिटांनी जातोच, आणि त्याच्या वर्णनातही भार नाही. परतीच्या वाटेवर पूल जागेवर हवा असेल तर वॉल ऑफ स्टोनच घ्या, आणि स्लॉट खर्च करण्याआधी डीएमला विचारा, किती टनांपर्यंत चालेल.