सोशल अँक्झायटी: स्वतंत्र थेरपी, गट की गोळी?

चारचौघांत बोलताना थोडे बुजणे हा स्वभाव असतो, त्याला उपचार लागत नाही. पण पंगतीत सर्वांदेखत घास घेणे, फोन उचलणे, मीटिंगमध्ये नाव सांगणे असे प्रसंग सहा महिने किंवा त्याहून अधिक काळ टाळले जात असतील आणि त्यापायी तोंडी परीक्षा किंवा बढती हातची जात असेल, तर ती सोशल अँक्झायटी, म्हणजे लोकांसमोर येण्याची तीव्र भीती, असू शकते आणि उपचार निवडायची वेळ आली आहे.

परवडत असेल आणि प्रशिक्षित माणूस मिळत असेल, तर स्वतंत्र सीबीटी पहिली, म्हणजे थेरपिस्टसोबत एकट्याने बसून विचार आणि वागणूक बदलण्याची थेरपी. उपचारांच्या मार्गदर्शिका काढणाऱ्या ब्रिटनच्या 'नाइस' संस्थेने २०१३च्या मार्गदर्शिकेत तिलाच अग्रक्रम दिला. क्लार्क आणि वेल्स या मानसशास्त्रज्ञांच्या पद्धतीत साधारण चार महिन्यांत ९० मिनिटांची १४ पर्यंत सत्रे होतात. यातला गाभा म्हणजे बचावाच्या सवयी सोडणे. हात थरथरू नये म्हणून ग्लास घट्ट धरणे, वाक्य मनात तीनदा घोकून मगच बोलणे, नजर मोबाइलमध्ये खुपसणे या त्या सवयी. सत्रात एकच संभाषण दोनदा करायला लावतात: आधी या सवयींसकट आणि लक्ष स्वतःकडे ठेवून, मग सवयी सोडून आणि लक्ष समोरच्याकडे देऊन. त्या संभाषणाचा व्हिडिओ दाखवण्याआधी 'मी किती लाल दिसेन' याचा अंदाज लिहून घेतात. प्रत्यक्षात दिसणारी लाली बहुधा त्याहून बरीच कमी निघते.

बिघडते कुठे? आपल्याकडे सत्र बहुतेकदा तासाभराचे असते आणि ते नुसत्या गप्पांत संपते. दीर्घ श्वसनही असेच फसू शकते. 'श्वास सांभाळला म्हणून निभावले' असे वाटू लागले की तीच नवी बचावाची सवय होते.

गट-थेरपीत साधारण सहा जण, दोन थेरपिस्ट आणि अडीच तासांची बारा साप्ताहिक सत्रे असा साचा रूढ आहे. खर्च विभागला जातो, सरावाला श्रोते आयते मिळतात. मात्र वेळही विभागला जातो आणि ज्याला भीती सर्वांत जास्त तोच आधी गळू शकतो. व्यक्तिमत्त्व विकासाचे वर्ग हा याला पर्याय नव्हे. तिथे भाषण घोटून घेतात, भीती तशीच राहते.

महाराष्ट्रात आणखी एक वाट आहे: अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांची आरईबीटी ही विवेकावर भर देणारी थेरपी, कि. मो. फडके यांनी मराठीत रुजवलेली. सीबीटी विचारते, 'लोक खरंच हसतील का, पाहू या.' आरईबीटी म्हणते, 'हसले तर हसू देत, म्हणून तुझी किंमत घटते का?' लाज मोडायचे व्यायाम इथलेच, उदाहरणार्थ भर बसमध्ये थांब्यांची नावे मोठ्याने पुकारणे. ज्यांची भीती अधूनमधून खरीच ठरते, म्हणजे तोतरे बोलणारे किंवा सहज लाल होणारे, त्यांना हा रोख जास्त उपयोगी पडावा. सोशल अँक्झायटीवरचा संशोधनाचा पुरावा मात्र सीबीटीच्या बाजूने अधिक आहे.

सोबत नैराश्य असेल, घराबाहेर पडणेच थांबले असेल किंवा तालुक्यात थेरपिस्ट नसेल आणि ऑनलाइनही जमत नसेल, तर गोळीला प्राधान्य. सहसा सर्ट्रालिन किंवा एस्सिटालोप्राम ही नैराश्यावरही चालणारी औषधे देतात. मानसशास्त्रज्ञ ही लिहून देत नाहीत, त्यासाठी डॉक्टर लागतात, शक्यतो मानसोपचारतज्ज्ञ. पहिले दोन आठवडे मळमळ, अस्वस्थता, झोपेची गडबड होऊ शकते. फरक जाणवायला चार ते सहा आठवडे लागतात, आणि पूर्ण परिणाम जोखायला बारा. नेमके तिसऱ्या आठवड्यात 'काही होत नाही' म्हणून लोक सोडतात. बरे वाटल्यावरही किमान सहा महिने चालू ठेवून डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू कमी करायची. बंद केल्यावर भीती परतण्याची शक्यता सीबीटीपेक्षा जास्त. आत्महत्येचे विचार येऊ लागले तर पुढच्या भेटीची वाट न पाहता डॉक्टरांना गाठा.

मित्राने दिलेली प्रोप्रॅनोलॉल, म्हणजे धडधड आणि थरथर कमी करणारी गोळी, घेऊ नका, दमा असेल तर मुळीच नाही. अल्प्राझोलाम या चिंता शमवणाऱ्या गोळीची सवय लागते, शिवाय प्रसंग निभावल्याचे श्रेय गोळी घेऊन जाते.

ऑनलाइन थेरपी खेड्यातून आणि परदेशातूनही चालते, पण कॅमेरा बंद ठेवलात तर तेही टाळणेच. कुठे जावे कळत नसेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर मराठीत बोलता येते. थेरपिस्ट ठरवताना एकच विचारा: 'सत्राबाहेर माझ्याकडून काय काय करून घ्याल?' उत्तर मोघम आले तर दुसरा शोधा.