दोनशे नावं, एक डिझाइन: कोरलचं प्रिंट मर्ज की इनडिझाइनचं डेटा मर्ज?

प्रमाणपत्रं, बिल्ले, ओळखपत्रं, ट्रॉफीखालच्या पट्ट्या. डिझाइन एक आणि नावं दोनशे. यादी एक्सेलमध्ये आली आहे आणि एकेक नाव कॉपी-पेस्ट करत बसायचं नाही, हे तुमचं ठरलं आहे. आता प्रश्न एवढाच, की हे काम कोरलड्रॉच्या प्रिंट मर्जमध्ये करायचं की इनडिझाइनच्या डेटा मर्जमध्ये. दोन्ही सोयी यादीतली नावं डिझाइनमध्ये आपोआप भरतात. मी दोन्ही वापरतो आणि माझा कल एकीकडे आहे. तो का, ते सांगतो. तुमच्याकडची कामं वेगळी असतील तर तुमचा निर्णय उलटाही येऊ शकेल.

नुसती पत्त्यांची लेबलं असतील तर मात्र या दोघांच्याही वाटेला जाऊ नका. वर्डचं मेल मर्ज पुरतं. त्यात मराठी नीट उमटतं आणि दुकानातल्या नव्या पोरालाही ते पटकन येतं.

आधी यादीकडे बघा

एक्सेलमधून साधी सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे करणारी फाइल) सेव्ह केली की मराठी नावांच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग लागते, हे बहुतेकांनी पाहिलेलं असतं. इनडिझाइनसाठी मी ‘युनिकोड टेक्स्ट’ हा प्रकार निवडून फाइल करतो. तिच्यात रकाने टॅबने वेगळे होतात. ‘एम.ए., बी.एड.’ असं लिहिणाऱ्या शिक्षकांच्या यादीत याची किंमत कळते, कारण तिथले स्वल्पविराम मग कुणाला अडवत नाहीत.

जुन्या फाँटांची भानगड वेगळी. ते इंग्रजी कळांच्या चिन्हांच्या जागी मराठी अक्षरं बसवतात. डिझाइन श्रीलिपीत किंवा क्रुतिदेवमध्ये बसवलेलं आणि यादी युनिकोडमध्ये, ही जोडी आपल्याकडे रोजची आहे. मग यादी कन्व्हर्टरमधून काढायचा मोह होतो. क्रुतिदेव ०१० मध्ये ‘ए’ हे अक्षर स्वल्पविरामाच्या जागी बसवलेलं आहे. म्हणजे रूपांतर केलेली यादी कुणी नोटपॅडमधून सीएसव्ही म्हणून पुढे ढकलली, की एकनाथरावांच्या नावापुढे एक रकाना आपोआप तयार होतो आणि ती अख्खी ओळ एक घर सरकते. शक्य असेल तिथे यादीला हात लावू नये, डिझाइनमधला फाँटच युनिकोडचा करून घ्यावा.

इथेच पहिला फाटा फुटतो. कोरलमध्ये युनिकोड देवनागरी भरवशाने जुळू लागली ती एक्स-६ पासून, म्हणजे २०१२ नंतर. त्याआधीच्या आवृत्तीवर दुकान चालत असेल तर तुम्ही जुन्या फाँटांना बांधलेले आहात आणि पुढची तुलना तुमच्यासाठी थोडी कागदावरचीच राहील. इनडिझाइनही फार साळसूद नाही. पॅराग्राफ पॅनेलच्या मेनूत ‘वर्ल्ड-रेडी’ कम्पोझर (ओळी जुळवणारी यंत्रणा) निवडला नसेल तर जोडाक्षरं फुटतात आणि पहिली वेलांटी भलत्याच ठिकाणी जाऊन बसते. एकदा टेम्प्लेटमध्ये ते लावून ठेवलं की पुढे विसरून जाता येतं. त्याच वेळी भाषा ‘मराठी’ करून ठेवावी. फाँटात सोय असेल तर ल आणि श आपल्या वळणाचे येतात.

कुठलंही काम सुरू करताना यादीच्या डोक्यावर चार-पाच कठीण नावं हातानेच घाला: कऱ्हाडे, गोऱ्हे, प्रद्युम्न, ज्ञानेश्वर आणि एखादं ‘ॲड.’ लावलेलं. हे शेवटचं मुद्दाम. ॲ हे स्वतंत्र अक्षर म्हणून युनिकोडमध्ये आलं ते २००८ साली, त्यामुळे थोड्या जुन्या फाँटात त्याच्या जागी रिकामा चौकोन दिसतो. वकिलांच्या कार्यक्रमाचे बिल्ले असतील तर दर दुसऱ्या नावाला हा चौकोन भेटेल. प्रिव्ह्यू पहिल्या ओळीपासून दिसतो, म्हणून रडकी नावं वरच असलेली बरी.

माझं गाडं जिथे अडलं

आता ती एक गोष्ट, जिच्यामुळे मी ठरवलं.

नावं सारख्या लांबीची नसतात. ‘उमा जोशी’ आणि ‘ज्ञानेश्वरी चंद्रशेखर कुलकर्णी-देशमुख’ एकाच रेघेवर बसवायचं असतं. कोरलमध्ये आपण नाव बहुधा आर्टिस्टिक टेक्स्ट म्हणून ठेवतो. मर्ज झालं की फील्डच्या जागी नाव येतं आणि ते जितकं लांब असेल तितकं पसरतं. मध्यभागी ठेवलेलं असेल तर दोन्ही बाजूंनी पसरतं, डावीकडे संस्थेच्या बोधचिन्हावर आणि उजवीकडे किनारीच्या वेलबुट्टीवर. आर्टिस्टिक टेक्स्टला मुळात चौकटच नाही, त्यामुळे कोरलच्या लेखी काही बिघडलेलंच नसतं. पॅराग्राफ टेक्स्ट घेतलं तर चौकट मिळते आणि मजकूर बाहेर गेला की ती लाल होते, पण ते कळायला त्या पानावर जावं लागतं. पन्नास प्रमाणपत्रं असतील तर पानं उलटून होतात. शाळेचं स्नेहसंमेलन आलं, पहिली ते दहावी सगळ्या तुकड्यांची प्रमाणपत्रं आली, की संध्याकाळी त्या पानांवरून नुसते डोळे फिरत राहतात. नेमकं चुकलेलं पान डोळ्यांखालून निसटतं आणि ते सापडतं थेट व्यासपीठावर, पालकांना.

इनडिझाइनमध्ये लांब नावाचं काय होतं? खरं तर दिसायला जास्त वाईट होतं. आडनाव चौकटीत मावलं नाही तर ते गायबच होतं. छापलंच जात नाही. पण इनडिझाइन ते सांगतं. मर्ज करताना मावलं नाही अशा मजकुराचा अहवाल मागायची एक टिकखूण आहे, ती लावली की कुठल्या नोंदी बसल्या नाहीत त्याची यादी हातात येते. शिवाय खाली प्रीफ्लाइटचा, म्हणजे छपाईआधीच्या तपासणीचा, दिवा लाल होतो आणि त्यातल्या ओळीवर क्लिक केलं की त्या पानावर जाता येतं. दोनशेतली सात-आठ नावं बघायची, बाकीच्यांकडे वळूनही पाहायचं नाही. माझ्यासाठी निकाल तिथेच लागला. बाकी सगळे मुद्दे मी नंतर गोळा केले, असं म्हटलं तरी चालेल.

‘मग एक्सेलमध्येच लांब नावं वेगळी काढा की,’ असं कुणीतरी म्हणतंच. इंग्रजी नावांना ते बऱ्यापैकी चालतं. मराठीला नाही. एक्सेलचं लांबी मोजणारं फंक्शन मात्रा, उकार आणि पायमोडकं चिन्ह वेगवेगळं मोजतं. ‘कृष्ण’ची लांबी पाच येते, ‘गजानन’चीही पाच. कागदावर दोन्ही शेजारी ठेवून बघा, गजानन जवळजवळ दुप्पट जागा खातो. इनडिझाइनच्या ग्रेप स्टाइलने (ठरावीक नमुन्यात बसणाऱ्या मजकुराला आपोआप रूप देणारी सोय) अमुक अक्षरांच्या वरच्या नावांना लहान टाइप लावायची युक्तीही याच कारणाने फसते, तिथेही मोजणी अशीच चालते. देवनागरीत नाव किती लांब आहे हे ते प्रत्यक्ष बसवल्याशिवाय कळत नाही. म्हणून बसवून झाल्यावर सांगणारं कुणीतरी लागतं.

अहवालातली नावं सापडल्यावर मी त्यांना दोन पॉइंटने लहान असलेली वेगळी पॅराग्राफ स्टाइल लावतो. आडवं दाबत नाही. कोरलमध्ये हँडल धरून नाव दाबायची सवय आपल्या सगळ्यांच्या हाताला आहे, पण देवनागरीत त्याचा परिणाम कुरूप होतो. उभे दांडे बारीक होतात आणि शिरोरेषा होती तितकीच जाड राहते. एका रांगेत उभ्या केलेल्या प्रमाणपत्रांत दाबलेलं नाव लांबूनही ओळखू येतं.

हा प्रश्न पुढे वाढणारच आहे. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांची नावं महाराष्ट्रात सरकारी कागदोपत्री मूल, आई, वडील, आडनाव अशा क्रमाने चार भागांत लिहायची आहेत. बालवाडीच्या याद्या तशा येऊ लागल्या, की आजच्या तीन-नावी चौकटी सगळ्या उघड्या पडतील. ज्याच्याकडे टेम्प्लेटं तयार आहेत त्याने नावाची जागा आताच दोन ओळींची करून ठेवावी.

एका कागदावर किती

बिल्ल्यांच्या कामात हा मुद्दा मोठा आहे. कोरलमध्ये एक नोंद म्हणजे एक पान. ती मोठ्या कागदावर आठ-आठ बसवायची तर प्रिंट प्रिव्ह्यूमध्ये जाऊन इम्पोझिशन लावायचं. काम होतं, पण मांडणी छपाईच्या क्षणालाच डोळ्यांना दिसते. इनडिझाइनमध्ये डाव्या वरच्या कोपऱ्यात एकच बिल्ला ठेवायचा, ‘एका पानावर अनेक नोंदी’ निवडायचं, आणि बाकीचं ते भरतं. त्याच्या अटी मात्र आहेत: फाइल एकाच पानाची हवी. पाठपोट बिल्ला असेल तर मागची बाजू वेगळ्या फाइलमध्ये करावी लागते आणि जुळवाजुळव डोकं शांत ठेवून करावी लागते.

कटिंगनंतरचा क्रम ही तिसरीच कटकट. इनडिझाइन नावं आडव्या किंवा उभ्या ओळीने भरतं. ढीग कापला की एका गठ्ठ्यात पहिलं, नववं, सतरावं अशी नावं येतात आणि वर्गवार लावलेला क्रम मोडतो. यावर उपाय एक्सेलमध्येच आहे. दोनशे नावं, कागदावर आठ, म्हणजे पंचवीस कागद. तर पहिल्या कागदावर १, २६, ५१, ७६ असे क्रमांक यायला हवेत. तसा एक रकाना तयार करून यादी त्यावर लावून घ्यावी. कापल्यावर गठ्ठे एकावर एक ठेवले की नावं आपोआप क्रमाने.

‘कु.’, ‘सौ.’, ‘ॲड.’ वगैरेसाठी डिझाइनमध्ये वेगळं फील्ड ठेवू नका. ज्यांना ते नाही त्यांच्या नावाआधी मोकळी जागा उरते आणि मध्यभागी लावलेलं नाव किंचित सरकतं. एक्सेलमध्येच सगळे तुकडे जोडून, ट्रिम करून (जादा मोकळ्या जागा काढून) एकच रकाना घ्या.

फोटो असतील तर

ओळखपत्रांसाठी माझ्या मते चर्चेची गरज नाही. कोरलच्या जुन्या आवृत्त्यांतलं प्रिंट मर्ज फक्त मजकूर ओळखतं, फोटोंसाठी लोक मॅक्रो शोधत बसतात. इनडिझाइनमध्ये फोटोच्या रकान्याच्या मथळ्यापुढे @ लावायचं आणि खाली फाइलचा पत्ता द्यायचा. एक्सेल @ ला सूत्र समजून कुरकुर करतं, म्हणून त्याआधी एकेरी अवतरण टाकायचं. फोटोंची नावं हजेरी क्रमांकाने ठेवा, मुलांच्या नावाने नको. एका वर्गात दोन आदित्य पाटील असतातच.

आणि कॅनव्हा

कॅनव्हाच्या बल्क क्रिएटला हसायचं कारण नाही. एक्सेलमधून यादी दिली, रकाने जोडले की प्रत्येक नावाचं पान तयार. व्हॉट्सॲपवर पाठवायची ऑनलाइन स्पर्धेची प्रमाणपत्रं मी तरी हल्ली तिथेच उरकावीत असं सांगेन. लांब नाव दुसऱ्या ओळीत उतरतं, त्यामुळे हरवत नाही, फक्त खालच्या मजकुरावर चढू शकतं. पण मोठ्या कागदावर मांडणी, ल-श चं वळण असं काही हातात राहत नाही. छापखान्याचं काम म्हणून बघितलं तर मला ते अपुरं वाटतं.

तर मग

तुमच्याकडे गिऱ्हाईक डिझाइन कोरलच्या फाइलमध्येच आणून देत असेल, हाताखालची माणसं कोरलमध्येच वाढलेली असतील आणि यादी शंभराच्या आतबाहेर असेल, तर निव्वळ मर्जसाठी इनडिझाइन घ्या असं मी म्हणणार नाही. ट्रॉफीच्या पट्ट्या आणि लेझरवर कोरायची नावं मी स्वतः अजून कोरलमध्येच करतो. तिथे नावं थोडी असतात, सगळी एका नजरेत दिसतात आणि मशीनला लागणारी फाइल तिथूनच सरळ जाते. वर्षातून एखाद-दुसरं मोठं काम येत असेल तरी पॅराग्राफ टेक्स्ट वापरून, लाल चौकटी शोधत ते निभावता येईल.

पण शाळा-महाविद्यालयं, संमेलनं, शर्यती हे तुमचं नेहमीचं गिऱ्हाईक असेल तर महिनाभर इनडिझाइनशी झगडायची तयारी ठेवा. डिझाइन कोरलमध्येच केलं तरी चालेल. पार्श्वभूमी पीडीएफ करून इनडिझाइनमध्ये ठेवायची आणि वर फक्त नावाची चौकट काढायची. माझी बरीच कामं अशीच निघतात, आणि बघणाऱ्याला कुठे काय केलं ते कळतही नाही.

ठरवण्याआधी तुमच्याच जुन्या कामातली सर्वांत लांब वीस नावं घ्या, दोन्हीकडे मर्ज करा आणि कुठलं नाव बसलं नाही हे शोधायला कुठे किती वेळ लागतो ते बघा.