एनव्हीडीए स्क्रीन रीडर : कुठे पुरतो, कुठे अडतो

अंध व्यक्तीच्या संगणकावर सगळ्यात आधी काय बसवावं, या प्रश्नाला आमचं उत्तर एनव्हीडीए हेच आहे. विंडोजवर चालणारा हा स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावर काय आहे ते बोलून सांगणारा प्रोग्रॅम, मोफत आहे, त्याचा कोड सर्वांना खुला आहे, आणि ब्राउझर, ईमेल, वर्ड, एक्सेल एवढ्या ठिकाणी तो रोजचं काम पूर्ण पेलतो. मराठीत काम करणाऱ्याला मात्र बसवल्यावर पहिला तासभर सेटिंग लावण्यात घालवावा लागतो. शिवाय समोरच्याने फाईल कशीही बनवून पाठवली, तर एनव्हीडीएचं काही चालत नाही. नवे लोक बहुतेक या दोन गोष्टींना कंटाळून तो सोडून देतात, म्हणून त्यांवर इथे जास्त लिहिलं आहे.

मायकेल करन यांनी ऑस्ट्रेलियात २००६ मध्ये या कामाला हात घातला. पुढे जेम्स टेह त्यांना येऊन मिळाले आणि एनव्ही ॲक्सेस ही ना-नफा संस्था उभी राहिली. दोघेही स्वतः अंध. इन्स्टॉलर सुरू होताच बोलू लागतो, यातच ते लक्षात येतं. शेजारी डोळस माणूस बसवून ‘आता कुठे क्लिक करू?’ असं विचारावं लागत नाही. पुढचं सगळं याच तत्त्वावर बेतलं आहे: आपलं पत्र, आपले पैशांचे व्यवहार, आपली भांडणं तिसऱ्या माणसाला वाचून दाखवायला न लावता स्वतः हाताळता यावीत.

हा प्रोग्रॅम पडद्याचं चित्र पाहत नाही. विंडोज आणि ब्राउझर प्रत्येक घटकाची माहिती पुरवतात: हे बटन आहे, त्याचं नाव ‘पाठवा’, सध्या ते बंद आहे. एनव्हीडीए ती माहिती विचारून घेतो आणि बोलतो. प्रोग्रॅम बनवणाऱ्याने बटनाला नावच दिलं नसेल, तर कानावर नुसतं ‘बटन, बटन, बटन’ पडत राहतं. अशा वेळी दोष एनव्हीडीएचा नसतो, पण ऐकणारा त्यालाच दोष देतो.

बसवताना तीन गोष्टी ठरवून घ्याव्यात. पहिली, ‘साइन इन करताना एनव्हीडीए वापरा’ हा पर्याय चालू ठेवावा, नाहीतर पासवर्डच्या पडद्यावर संगणक मुका राहतो. दुसरी, लॅपटॉपला वेगळा अंकपट नसेल तर लॅपटॉप मांडणी निवडावी आणि कॅप्स लॉकला एनव्हीडीए की, म्हणजे एनव्हीडीएच्या शॉर्टकटमध्ये इतर कळांसोबत दाबायची कळ, म्हणून मान्यता द्यावी. पुढे ‘एनव्हीडीए’ दाबा असं येईल तिथे हीच कळ समजावी. एरवी ते काम इन्सर्ट करते. तिसरी, पेन ड्राइव्हवरची पोर्टेबल प्रत दुसऱ्याच्या संगणकावर तात्पुरती उत्तम चालते, पण प्रशासकाची परवानगी मागणारी खिडकी ती वाचू शकत नाही. रोजच्या संगणकावर रीतसर इन्स्टॉल केलेलीच प्रत हवी. आवाज मध्येच थांबला आणि काहीच सुचेना, तर कंट्रोल, ऑल्ट आणि एन एकदम दाबावं. प्रोग्रॅम नव्याने सुरू होतो. हे शॉर्टकट पहिल्याच दिवशी पाठ करून घ्यावं.

आता मराठी. सोबत येणाऱ्या ईस्पीक एनजी या आवाजात मराठी आहे. तो यांत्रिक आहे, आणि पहिल्या दिवशी कानाला खुपतो. तरी त्याचा एक मोठा गुण आहे: की दाबली की तो लगेच बोलतो, आणि वेग खूप वाढवला तरी शब्द एकमेकांत मिसळत नाहीत. सुरुवात मध्यम वेगाने करून दर आठवड्याला थोडा वेग वाढवत जाणं सोपं पडतं. उच्चारांत अधूनमधून चुका होतात, विशेषतः शब्दातला ‘अ’ कुठे गाळायचा आणि कुठे ठेवायचा यात. ‘चहा’तला च आणि ‘चमचा’तला च लिहिताना सारखेच दिसतात, त्यामुळे कुठल्याही यंत्राला तिथे अंदाज बांधावा लागतो. आठवड्याभरात कान सरावतो.

इंग्रजी आवाज चालू ठेवून मराठी पान उघडणं ही नेहमीची चूक. पानाच्या कोडमध्ये भाषा मराठी म्हणून नोंदवलेली असेल तर स्वयंचलित भाषाबदल काम करतो, पण पुष्कळ पानांवर ती नोंद नसते. उपाय सोपा आहे. एनव्हीडीए, कंट्रोल आणि पी दाबून कॉन्फिगरेशन प्रोफाइलची, म्हणजे सेटिंगचे वेगवेगळे संच जपून ठेवायची, खिडकी उघडावी, ‘मराठी’ नावाचं प्रोफाइल हाताने चालू करण्याजोगं बनवावं, त्यात ईस्पीकचा मराठी आवाज आणि आपला वेग ठेवावा, आणि शॉर्टकट ठरवायच्या ‘इनपुट जेश्चर’ या खिडकीतून त्याला एक शॉर्टकट द्यावं. मग एका झटक्यात आवाज बदलतो. मराठी मजकुरातले रोमन अक्षरांतले शब्द ईस्पीक इंग्रजी नियमांनी वाचतो, त्यामुळे मिश्र मजकुरासाठी मराठी प्रोफाइलच सोयीचं.

ब्राउझरमध्ये एनव्हीडीएचं खरं बळ दिसतं. एच दाबलं की पुढचं शीर्षक, के दाबलं की पुढची लिंक, एफ म्हणजे अर्जातला रकाना, टी म्हणजे तक्ता; सोबत शिफ्ट दाबलं की उलट दिशेने. १ ते ६ हे आकडे त्या-त्या पातळीच्या शीर्षकावर नेतात. एनव्हीडीए आणि एफ७ दाबलं की पानातल्या सगळ्या लिंका आणि शीर्षकं यादीत समोर येतात. नवखा माणूस अडतो तो एकाच ठिकाणी: पान वाचण्याची स्थिती आणि टाइप करण्याची स्थिती वेगळ्या आहेत. नाव लिहायला जावं आणि अक्षरं उमटण्याऐवजी कर्सर भलतीकडे उड्या मारत सुटावा, तर आपण वाचण्याच्या स्थितीत आहोत. एनव्हीडीए आणि स्पेस दाबून स्थिती बदलते, आणि दोन्ही वेळचा छोटा ध्वनी वेगळा आहे. तो ध्वनी ओळखायला शिकणं हा अर्धा अभ्यासक्रम आहे.

मराठी लिहिताना ऱ्हस्व-दीर्घ कानाला पुरेसं कळत नाही. ही मर्यादा गंभीर आहे, कारण ‘दिन’ आणि ‘दीन’ यांतला घोळ थेट वाचणाऱ्यापर्यंत जातो. वर्डमध्ये मराठीची शुद्धलेखन तपासणी बसवलेली असेल तर चुकीच्या शब्दावर एनव्हीडीए तसं सांगतो. ती सोय चालू ठेवावीच. ज्यांना ब्रेल येतं त्यांनी ब्रेल डिस्प्ले, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोटांखाली ठिपक्यांत उठवणारं यंत्र, जोडावा. एनव्हीडीएमध्ये मराठीचा ब्रेल तक्ता आहे, आणि भारती ब्रेलमध्ये, म्हणजे भारतीय भाषांच्या ब्रेलमध्ये, ऱ्हस्व इ म्हणजे २-४ हे ठिपके तर दीर्घ ई म्हणजे ३-५. बोटाखाली ती चूक लपत नाही. आवाजाने वाचणं आणि बोटांनी वाचणं यांत शुद्धलेखनाच्या दृष्टीने बोटंच श्रेष्ठ, असं आमचं स्पष्ट मत आहे.

चारचौघांत मिळून करायच्या कामात हा प्रोग्रॅम बराच पुढे गेला आहे. वर्डमध्ये कर्सरपाशी सहकाऱ्याची टिप्पणी असेल तर एनव्हीडीए, ऑल्ट आणि सी दाबून ती ऐकता येते. एक्सेलमध्ये मथळ्यांच्या ओळीतल्या पहिल्या खान्यावर जाऊन एनव्हीडीए, शिफ्ट आणि सी एकदा दाबलं की त्यापुढे प्रत्येक खान्याबरोबर स्तंभाचं नाव ऐकू येतं; नुसते आकडे ऐकून डोकं पिकत नाही. गूगल डॉक्समध्ये आधी त्याचा स्वतःचा स्क्रीन रीडर पर्याय कंट्रोल, ऑल्ट आणि झेड दाबून चालू करावा लागतो. तो बंद असेल तर एकाच दस्तऐवजात चौघं लिहीत असताना पाचव्याला पान रिकामं वाटतं.

ऑनलाइन बैठकीत वेगळी अडचण येते: माणसं बोलतात आणि त्याच कानात एनव्हीडीएही बोलतो. २०२४.२ या आवृत्तीत यावर ध्वनिविभाजन आलं. एनव्हीडीए, ऑल्ट आणि एस दाबत गेलं की एका कानात स्क्रीन रीडर आणि दुसऱ्यात बाकी सगळं, अशी वाटणी होते. बैठकीचं टिपण पाहता पाहता बोलणाऱ्याकडे लक्ष देता येतं. त्यासाठी तारेचा स्टिरिओ हेडफोन घ्यावा. ब्लूटूथ हेडसेटचा मायक्रोफोन चालू झाला की अनेक हेडसेट एकसुरी ध्वनीवर उतरतात, मग डावा-उजवा भेदच उरत नाही. काही ब्लूटूथ हेडफोन शांततेनंतर पहिलं अक्षरही खातात. बैठकीत कुणी पडद्यावर स्लाइड दाखवली तर ती पलीकडे निव्वळ चित्र म्हणून पोचते आणि एनव्हीडीएला त्यातलं अक्षरही दिसत नाही. ती फाईल आधी मागून घेणं हाच उपाय.

चित्रातल्या मजकुरासाठी एनव्हीडीए आणि आर ही जोडी विंडोजची अक्षर-ओळख चालवते. ओळखण्याची भाषा सेटिंगमध्ये निवडलेली असते. इंग्रजी निवडलेली असताना देवनागरी पान दिलं तर निरर्थक अक्षरांचा सडा पडतो. स्कॅन केलेल्या मराठी पानांसाठी टेसरॅक्ट हे वेगळं मोफत साधन मराठीच्या प्रशिक्षित फाईलसह वापरावं. त्याहून त्रासदायक प्रकार म्हणजे युनिकोड या अक्षरं साठवण्याच्या प्रमाण पद्धतीच्या आधीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या फायली. डोळ्यांना शुद्ध मराठी दिसतं, पण आत साठवलेली असतात रोमन अक्षरं आणि चिन्हं, आणि एनव्हीडीए जे साठवलं आहे तेच वाचतो. आधी युनिकोडमध्ये रूपांतर केल्याशिवाय अशी फाईल वाचता येत नाही, शोधता येत नाही, भाषांतरितही करता येत नाही.

२०२५.१ या आवृत्तीपासून दूरस्थ मदत, म्हणजे दुसऱ्याचा संगणक दुरून चालवण्याची सोय, एनव्हीडीएच्या आतच आली आहे. पूर्वी त्यासाठी वेगळं ॲड-ऑन, म्हणजे एनव्हीडीएला जोडायचा जादा भाग, घ्यावं लागे. दोन्ही संगणकांवर एनव्हीडीए चालू असावा, दोघांनी टूल्स मेनूतून जोडणी करून एकच संकेतशब्द द्यावा, एकाने ‘नियंत्रित करणारा’ आणि दुसऱ्याने ‘नियंत्रित होणारा’ अशी निवड करावी. पडद्याचं चित्र पाठवलं जात नाही, मुख्यतः दाबलेल्या कळा आणि उच्चारलेला मजकूर जातो, त्यामुळे मंद इंटरनेटवरही काम अडत नाही. अंध शिक्षकाने अंध विद्यार्थ्याला दुसऱ्या गावाहून वर्ड शिकवावं, यासाठी याहून सोयीचं साधन आम्हाला माहीत नाही. संकेतशब्द ज्याच्याकडे तो आपला संगणक चालवू शकतो, म्हणून काम संपताच जोडणी तोडावी आणि पुढच्या वेळी नवा शब्द घ्यावा.

ॲड-ऑन मोजकेच ठेवावेत. वर्षातल्या पहिल्या आवृत्तीनंतर, म्हणजे जिच्या क्रमांकाचा शेवट .१ ने होतो तिच्यानंतर, जुनी ॲड-ऑन सहसा बंद पडतात आणि त्यांच्या नव्या प्रती येईपर्यंत थांबावं लागतं. ज्या ॲड-ऑनवर नोकरीचं काम अवलंबून आहे, त्याची नवी प्रत आल्याशिवाय एनव्हीडीए अद्ययावत करू नये. अचानक सगळं मंदावलं तर एनव्हीडीए आणि क्यू दाबून ‘ॲड-ऑन बंद ठेवून पुन्हा सुरू करा’ हा पर्याय निवडावा. तेवढ्याने वेग परत आला तर दोष कुठल्या तरी ॲड-ऑनमध्ये आहे. एकेक चालू करत गेलं की तो सापडतो.

अंध सहकाऱ्याला फायली पाठवणाऱ्या डोळस माणसानेही हा प्रोग्रॅम उतरवून घ्यावा. टूल्स मेनूतली स्पीच व्ह्यूअर ही खिडकी उघडली की एनव्हीडीए जे बोलतो ते पडद्यावर लिहून येतं. माऊस बाजूला ठेवावा, आपली फाईल वर्डमध्ये उघडावी, एनव्हीडीए आणि स्पेस दाबून वाचण्याच्या स्थितीत जावं, एच दाबावं. एकही शीर्षक सापडलं नाही तर ठळक केलेल्या ओळींना वर्डमधली शीर्षकाची शैली लावावी, चित्रांना वर्णन द्यावं, आणि मगच फाईल पाठवावी.