पैशाचे इंग्रजी आणि कार्डांची पेटी: ८ महिन्यांच्या वापरानंतर

पैशाच्या व्यवहारात रोज लागणारी इंग्रजी फ्रेझल व्हर्ब्ज, म्हणजे ‘ऑफ’, ‘अप’ असे छोटे शब्द जोडून अर्थ बदलणारी क्रियापदे, मी गेले ८ महिने कार्डांच्या पेटीने शिकत आहे. पेटी म्हणजे बुटांच्या खोक्यात पुठ्ठ्याच्या पट्ट्या बसवून केलेले ५ कप्पे. कार्डाच्या एका बाजूला मराठी आणि दुसऱ्या बाजूला इंग्रजी लिहायचे. उत्तर बरोबर आले की कार्ड पुढच्या कप्प्यात सरकवायचे, चुकले की ते कोणत्याही कप्प्यात असले तरी थेट पहिल्यात आणायचे, आणि मागचे कप्पे वाढत्या दिवसांच्या अंतराने उघडायचे, एवढीच ही पद्धत आहे. सेबास्टियन लाइटनर यांनी १९७० च्या दशकात ती लोकांपुढे आणली आणि मोबाइलवरची शब्दपाठांतराची अनेक ॲप्स आजही याच तत्त्वावर चालतात.

पेटीविषयी माझी तक्रार नाही. मात्र पहिल्या ३ महिन्यांत मी केलेली जवळजवळ सगळी कार्डे पुढे फाडून टाकावी लागली. एका तयार यादीवरून मी ‘पे बॅक: परत देणे’, ‘पे ऑफ: फेडणे’, ‘पे अप: देणे’ अशी नोंद उतरवून घेत होतो. कार्डे भराभर पाचव्या कप्प्यात गेली आणि मला वाटले, विषय संपला. त्यानंतर एका परदेशी सहकाऱ्याने माझ्या वाटचे जेवणाचे पैसे भरले, तेव्हा मी त्याला ऐटीत लिहिले, ‘आय विल पे यू ऑफ टुमॉरो’. त्याचे उत्तर आले की त्याने असे कोणते गुपित पाहिले आहे, जे लपवण्यासाठी मी त्याला पैसे देणार आहे? मला म्हणायचे होते ‘पे यू बॅक’. कर्ज ‘पे ऑफ’ करतात; माणसाला ‘पे ऑफ’ केले, तर त्याचे तोंड बंद करण्यासाठी पैसे चारल्याचा किंवा हिशेब चुकता करून त्याला कामावरून काढल्याचा अर्थ होतो. ‘पे अप’ची गंमत आणखी वेगळी आहे, कारण त्यात देणाऱ्याची नाखुशी किंवा दिरंगाई गृहीत असते, म्हणजे आपण ‘मुकाट्याने पैसे मोकळे केले’ म्हणतो तसे.

त्या दिवसापासून कार्डावर सुटे क्रियापद लिहिणे मी बंद केले. आता मराठी बाजूला त्याच आठवड्यात मी स्वतः बोललेले एक पूर्ण वाक्य असते आणि मागे त्याचे इंग्रजी. हे करताना एक गोष्ट ध्यानात आली, जी मला कोणत्याही यादीने सांगितली नव्हती. इंग्रजीत ‘ऑफ’, ‘अप’, ‘असाइड’ हे शेपूट जे काम करते, ते मराठीत बरेचदा आपले दुसरे क्रियापद करते. ‘कर्ज फेडले’ आणि ‘कर्ज फेडून टाकले’ यांत जो फरक आहे, त्यातले ‘टाकले’ म्हणजेच ‘पे ऑफ’मधले ‘ऑफ’. ‘कर्ज करून बसणे’ यातल्या ‘बसणे’मध्ये जो पश्चात्ताप आहे, तो ‘रन अप’मध्ये बराचसा सापडतो. ‘पुट असाइड’ तर आपल्या ‘बाजूला काढून ठेवणे’चा सख्खा भाऊ आहे. ‘राइट ऑफ’ला ‘बुडीत खाती टाकणे’ हा हिशेबनिसांचा शब्द तयारच आहे, आणि धंदा ‘गो अंडर’ होतो तेव्हा तो मराठीतही बुडतोच.

सर्वांत जास्त फायदा ‘काढणे’ने करून दिला. आपण कर्ज काढतो, खात्यातून पैसे काढतो, विमाही काढतो. इंग्रजीत या तिन्ही ठिकाणी ‘टेक आउट’ चालते. इतकी वर्षे मी नुसते ‘टेक लोन’ म्हणत आलो, कारण शाळेत ‘टेक म्हणजे घेणे’ एवढेच पाठ झाले होते. मराठीत विचार करू नका, असे इंग्रजी शिकवणारे बजावतात. माझा अनुभव असा की शब्दकोशातल्या मराठीत विचार करू नये, बोलण्यातल्या मराठीत खुशाल करावा.

काही ठिकाणी मात्र हा पूल तुटतो. ‘कम इनटू मनी’ म्हणजे वारशाने किंवा अवचित पैसा हाती येणे, हे नुसते पाठ करण्यावाचून गत्यंतर नाही. ‘लिव्ह ऑन’ आणि ‘लिव्ह ऑफ’ यांनी मला बराच काळ छळले. पगारावर भागवणे म्हणजे ‘लिव्ह ऑन’. व्याजावर जगणे किंवा दुसऱ्याच्या जिवावर खाणे म्हणजे ‘लिव्ह ऑफ’, आणि माणसाविषयी बोलताना त्यात टोमणा असतो.

पैसे नाइलाजाने देण्यासाठी इंग्रजीत शब्दांचा सुकाळ आहे: ‘फोर्क आउट’, ‘शेल आउट’, ‘कफ अप’, ब्रिटनमध्ये ‘स्टंप अप’, अमेरिकेत ‘पोनी अप’. मी पाचांचीही कार्डे केली होती आणि तो शुद्ध वेळेचा अपव्यय होता. बोलायला एक पुरतो, बाकीचे ऐकून कळले म्हणजे झाले. शिवाय हे सगळे बोलीतले शब्द आहेत. बँकेला पत्र लिहिताना ‘रीपे’, ‘विथड्रॉ’, ‘काँट्रिब्यूट’ हेच शोभतात, म्हणून आता कार्डाच्या कोपऱ्यात मी ‘बोली’ किंवा ‘पत्र’ अशी खूण करतो.

शब्दक्रम वाक्यांच्या कार्डांमुळे आपोआप सुधारला. ‘पे ऑफ द लोन’ आणि ‘पे द लोन ऑफ’ दोन्ही चालतात, पण सर्वनाम आले की ते मध्येच बसते: ‘पे इट ऑफ’. ‘कट बॅक ऑन’मध्ये, म्हणजे खर्चात हात आखडता घेताना, मध्ये काहीही शिरत नाही.

पेटीची खरी उणीव कानाची आहे. कागदावर सुटे दिसणारे ‘पेड इट ऑफ’ प्रत्यक्षात ‘पेडिटॉफ’ असे एका दमात येते आणि जोर ‘ऑफ’वर पडतो, तेच ‘पेऑफ’ हे नाम झाले की जोर ‘पे’वर जातो. हे कार्ड सांगू शकत नाही. पाचव्या महिन्यापासून मी प्रत्येक वाक्य मोबाइलवर रेकॉर्ड करून मोठ्याने म्हणू लागलो, तेव्हा कुठे समोरच्याचे बोलणे तुकड्यातुकड्यांनी कळू लागले.

सध्या पेटीत ९० कार्डे आहेत आणि बहुतेक शेवटच्या दोन कप्प्यांत पोहोचली आहेत. एक मात्र पहिल्या कप्प्यातून हलायला तयार नाही. त्यावर लिहिले आहे, ‘चेक तिच्या नावाने काढ.’ उत्तर आहे ‘मेक आउट’, आणि मी दर वेळी ठामपणे ‘टेक आउट’ म्हणतो, कारण चेकसुद्धा आपण काढतोच.