भिजलेला मोबाईल: सिलिका जेलमध्ये वाळवायचा की उघडून साफ करून घ्यायचा?

२०२४च्या ऑगस्टअखेर वडोदऱ्यात विश्वामित्री नदीनं धोक्याची पातळी ओलांडली आणि कारेलीबागेत आमच्या तळमजल्यावर पाणी शिरलं. सामान वर चढवताना आईचा आणि माझा, दोन्ही मोबाईल गढूळ पाण्यात पडले. लगेच बंद करायचा, चार्जर लावायचा नाही, हे तुम्हाला ठाऊक आहेच.

तांदळाचा विचार सोडा. त्याची पूड चार्जिंगच्या खाचेत शिरते. ॲपलही आयफोन तांदळात ठेवू नका असंच सांगतं.

आईचा मोबाईल मी घट्ट झाकणाच्या डब्यात, कॅमेऱ्याच्या लेन्ससाठी आणलेल्या सिलिका जेलच्या दाण्यांमध्ये तीन दिवस ठेवला. सुरू झाला, घरात आनंद झाला. मग मावशीचा फोन आला. मावशीचं सगळं आईला ऐकू येत होतं, आईचं मात्र तिकडे नीट पोचत नव्हतं. कधी पोचे, कधी नाही. आई दर दोन वाक्यांनी "ऐकू येतंय ना गं?" विचारायची, शेवटी फोन ठेवून द्यायची. मोबाईल पूर्ण बंद पडला असता तर दुरुस्तीला तरी नेला असता; चालतोय म्हणून पंधरा दिवस गेले. मग चार्जिंगही वायर वाकवून धरल्याशिवाय होईना. उघडल्यावर आतल्या सर्किट बोर्डवर हिरवट थर दिसला. सिलिका जेल ओल शोषतं, पण पाण्यातले क्षार आणि गाळ आतच राहतात. त्यात दमटपणा आणि बॅटरीचा करंट मिळाला की तांबं गंजत जातं.

माझा मोबाईल पाणी ओसरताच रावपुऱ्यातल्या दुकानात उघडून घेतला. कारागिरानं आधी बॅटरीची जोडणी काढली, बोर्डवरची पत्र्याची झाकणं उचलली आणि ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल (चटकन उडून जाणारं साफसफाईचं द्रावण) लावून मऊ ब्रशनं सगळं घासलं. तो आजही नीट चालतो. माझा कमी भिजला असेल, हेही शक्य आहे. शिवाय पैसे जातात, उघडताना स्क्रीन तडकायची भीती असते आणि पाणी अडवणारं सील पहिल्यासारखं राहत नाही.

नळाच्या पाण्याचे चार थेंब उडाले असतील तर सिलिका जेल पुरेल असं वाटतं. पुराचं पाणी, साखरेचा चहा किंवा समुद्राचं पाणी असेल तर मी तरी वाट पाहणार नाही. दुकानात एवढंच विचारा, "पत्र्याची झाकणं काढून साफ करणार का?" नुसती गरम हवा मारून देतो म्हणाला, तर दुसरं दुकान बघा.