'गोड्या पाण्यातली' मोरे ईल घेताय? आधी मीठ आणा

दिवाळीनंतर नाशिकमधल्या एका फिशटँकच्या दुकानातून मोरे ईल (सापासारखा लांबडा मासा) आणली, 1800 रुपयांना. दुकानाचं नाव लिहीत नाही, रोजचा जाण्यायेण्याचा रस्ता आहे. काचेवर पाटी होती 'फ्रेशवॉटर मोरे'. खोदून विचारलं, तर पोरगा म्हणाला, "काका, नळाचं पाणी चालतं. फक्त क्लोरीन घालवा."

पॅकिंग मात्र एक नंबर. दुहेरी पिशवी, ऑक्सिजन भरलेला, वरून वर्तमानपत्र.

आठ दिवस तिने कोळंबीला तोंड लावलं नाही. ठिबकच्या उरलेल्या पाइपातून डोकं काढून नुसती तोंडाची उघडमीट. आई म्हणाली, "धापा टाकतेय रे ती." धापा नव्हत्या. मोरे श्वासच तसा घेते, तोंडाने पाणी ओढायचं आणि कल्ल्यांच्या बारक्या भोकांतून सोडायचं. उपास मात्र खरा होता.

शोधलं तेव्हा कळलं, हिचं शास्त्रीय नाव जिम्नोथोरॅक्स टिले. निसर्ग अभ्यासक हॅमिल्टनने 1822 साली गंगेच्या माशांवरच्या ग्रंथात हिची नोंद केली, पण ही खाडीची, भरतीचं पाणी शिरतं तिथली. गोड्या पाण्यात काही काळ तग धरते, एवढंच.

मग टँकचं समुद्री मीठ आणलं (स्वयंपाकाचं नव्हे) आणि पाण्याचा खारेपणा मोजायला हायड्रोमीटर. बागेतला ब्रिक्सचा रिफ्रॅक्टोमीटर इथे कामाचा नाही, तो साखरेचे आकडे दाखवतो. करून बघितलंय! रोज थोडं थोडं मीठ घालत पाणी हायड्रोमीटरच्या 1.010 आकड्यावर आणलं.

तेराव्या दिवशी चिमट्यात कोळंबी धरली. हिची नजर अधू, सगळा कारभार वासावर. नळीसारख्या नाकपुड्या पुढे करून दोनदा चुकली, तिसऱ्यांदा पकडली. कोळंबी क्षणभर दातांत अडकल्यासारखी थांबली आणि डोकं न हलवता सरकन आत गेली. घशात दुसरा जबडा असतो, तो पुढे येऊन घास आत ओढतो. रीटा मेहता आणि पीटर वेनराइट या शास्त्रज्ञांनी 2007 मध्ये हे दाखवून दिलं. तो जबडा बाहेरून दिसत नाही, पण ते सरकणं बघायला आता आईसुद्धा खुर्ची ओढून बसते.

झाकणावर दोन विटा ठेवा. अंगाला खवले नाहीत, बोटभर फटीतून निसटते. आणि वाढते दोन फुटांपर्यंत. मला टँकच दोन फुटी दिला होता, तो आता बदलायचाय.

परवा दुकानात गेलो, पाटी तीच. मीठ ठेवता का विचारलं, तर "त्याला गिऱ्हाईक नाही काका."

पाचपैकी दोन स्टार, तेही पॅकिंगचे.