पोराच्या गेमसाठी: कन्सोल की मोबाईल?

बारा-तेरा वर्षांच्या पोरासाठी प्लेस्टेशन घ्यायचं की घरातला जुना अँड्रॉइड द्यायचा, हे ठरवताना एक धरूनच चाला: आपल्याकडे दुकानदार अडवणार नाही. ब्रिटनमध्ये 2012 पासून पेगीचा, म्हणजे गेमला वयाचं रेटिंग देणाऱ्या युरोपातल्या पद्धतीचा, 12, 16 किंवा 18चा शिक्का असलेला गेम त्याहून लहान मुलाला विकणं गुन्हा आहे. अमेरिकेत कॅलिफोर्नियाने 2005 साली असाच कायदा करून हजार डॉलरपर्यंत दंड ठेवला होता; तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तो 2011 मध्ये सात विरुद्ध दोन मतांनी रद्द केला. गेमलाही अभिव्यक्तिस्वातंत्र्य लागू, असं म्हणून. आपल्याकडे पबजी 2020 मध्ये बंद झाला तो माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 69अ खाली, सुरक्षेच्या कारणावरून. 2025चा ऑनलाइन गेमिंगचा कायदा मुख्यतः पैसे लावून खेळायच्या खेळांचा. तेव्हा कोल्हापुरात राजारामपुरीत लाल 18 छापलेली डिस्क शाळेच्या गणवेशातल्या पोराला मिळाली, तर तक्रार कुठल्या कायद्याखाली करणार?

मोबाईलला तर काउंटरच नाही. प्ले स्टोअरच्या सेटिंग्जमध्ये फॅमिली, मग पेरेंटल कंट्रोल्स, पिन टाकून 12+ निवडा. दोन मिनिटांचं काम. पण ही चाळणी नवीन डाउनलोडपुरती. आधीच असलेला गेम तसाच राहतो, तो हाताने काढावा लागतो. आणि माझं मत फिरलं ते इथे: पिन त्या एकाच मोबाईलवर चालतो. फॅमिली लिंक हे गुगलचं पालकांसाठीचं अ‍ॅप लावलं तरी ते पोराच्या खात्यापुरतं. एकत्र घरात काकाचा मोबाईल चार्जिंगला, आत्याचा गादीवर. प्रत्येकावर पिन लावायला कोण बसणार? आणि गेममध्ये वय विचारलं तरी आकडा पोरगंच टाकतं.

कन्सोल एकच, तोही हॉलमधल्या टीव्हीला. पीएस5वर पोराचं वेगळं खातं खऱ्या जन्मतारखेने काढा आणि वयाची पातळी लावा. मग मित्राकडून आणलेली 18ची डिस्कही त्याच्या खात्यावर सुरू होत नाही. मात्र तीन फटी राहतात. हे निर्बंध बदलायचा पासकोड मुळात 0000 असतो, तो पहिल्यांदा बदला. कन्सोल रिस्ट्रिक्शन्समध्ये नवीन युजर आणि गेस्ट लॉगिन बंद करा, नाहीतर पोरगं नवीन युजर काढून तीच डिस्क लावतं. तुमच्या स्वतःच्या प्रोफाइललाही लॉगिन पासकोड हवा. चॅटचं बटण वेगळं आहे. रेटिंग लावून ते बंद होत नाही.

पैसे कन्सोलला जास्त लागतात, हे आहेच. मोबाईल अभ्यासाला लागणारच असेल तर चाळणी तिथेही लावा. पण गेमपुरतं विचाराल तर माझा कल कन्सोलकडे. जुना घेत असाल तर आधीच्या मालकाकडून समोर रिसेट करून घ्या. निर्बंधांचा पासकोड विसरला तर सगळा कन्सोल पुसावा लागतो, सेव्ह केलेले गेमही जातात. म्हणून तो लिहून ठेवा, फक्त टीव्हीखालच्या ड्रॉवरमध्ये नको.